संगणकाची किल्ली कोणाच्या कनवटीला?

विंडोज-१० या प्रणालीची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. नव्या आवृत्तीस लागणारी सुरक्षा-चिप ज्यांत नाही, असे धडधाकट संगणकही त्यामुळे एका दिवसात कालबाह्य ठरले. अशी यंत्रे बाळगून असलेल्या सातारा-सांगलीकडील शाळा, महाविद्यालये व पतसंस्था यांना आता नवी खरेदी करावी लागेल, किंवा जुन्याच यंत्रांवर लिनक्ससारखी मुक्त प्रणाली बसवावी लागेल. वरवर पाहता हा केवळ खर्चाचा प्रश्न आहे.

परंतु जुलै २०२५ मध्ये युरोपीय महासंघाने नायरा एनर्जी या रशियन भागभांडवल असलेल्या भारतीय तेलकंपनीवर निर्बंध घातले आणि मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा स्थगित केल्या. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठावल्यावर काही दिवसांतच त्या पूर्ववत झाल्या. निर्बंध योग्य की अयोग्य, हा वाद वेगळा. ब्रुसेल्समध्ये झालेल्या ठरावाने भारतातील कचेरीचे कपाट कुलूपबंद होऊ शकते, एवढे मात्र त्यातून दिसले.

यावर ‘स्वदेशी प्रणाली हवी’ अशी हाकाटी होणे स्वाभाविक आहे. ती आहेही. सी-डॅकने ‘बॉस’ ही प्रणाली २००७ मध्येच आणली. जगभरच्या स्वयंसेवकांनी घडविलेल्या ‘डेबियन’वर ती आधारलेली आहे, यात कमीपणा काहीच नाही. मात्र भारतीय शिक्का मारला की नियंत्रण हाती आले, हा भ्रम होय. उत्तर कोरियाची ‘रेड स्टार’ हीदेखील राष्ट्रीय प्रणालीच. आणि ती नागरिकांच्या फायलींवर गुपचूप खुणा उमटविते, हे जर्मन संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिले. किल्ली परक्या कंपनीच्या कनवटीची काढून स्वकीय सरकारच्या कनवटीला लावल्याने घरमालकाचे भागत नाही. प्रणालीचा मूळ आराखडा कोणालाही तपासता, बदलता व वाटता आला पाहिजे. सहकारी कारखान्यांच्या या प्रदेशात सामाईक मालकीची ही कल्पना (निदान कागदोपत्री तरी) नवी वाटू नये.

आराखडा खुला असला तरी तो वाचणारा माणूस हवा. परकीय चलन नियमन कायद्यानुसार आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणण्यास नकार देऊन आयबीएम १९७८ मध्ये भारतातून निघून गेली, तेव्हा तिची यंत्रे सांभाळण्याचे काम कम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीने अंगावर घेतले. दुरुस्तीची विद्या येथे होती, म्हणून ते शक्य झाले. केरळने शाळांतील संगणक मुक्त प्रणालीवर नेले, त्यामागेही शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा मोठा खटाटोप होता.

कार्यालयीन लिपिकाची तक्रार येथेच समजून घेतली पाहिजे. हिशेबाचा कार्यक्रम नव्या प्रणालीवर चालेल काय, छपाईयंत्र अडले तर बोलवायचे कोणाला, हे त्याचे प्रश्न देशभक्तीच्या व्याख्यानाने सुटणारे नाहीत. शिवाय परावलंबनाचा एक भाग घरचाच आहे. वर्षानुवर्षांच्या प्रश्नपत्रिका व सभांची इतिवृत्ते एखाद्या विशिष्ट फाँटमध्ये टंकलेली असतात. तो फाँट नसलेल्या यंत्रावर त्या मराठीची निरर्थक अक्षरे होतात. ही कोंडी कोणा परकीय सत्तेने केलेली नाही. सर्व मजकूर युनिकोडमध्ये आणून खुल्या स्वरूपात जतन करणे, हे काम विंडोज न सोडताही उद्या सकाळी सुरू करता येईल.

सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात लिनक्स वापरणाऱ्या विद्यार्थ्यांचा गट आहे. अशा विद्यार्थ्यांना दोन्ही जिल्ह्यांतील शाळांशी जोडून, प्रवासखर्च व अल्प मानधन देऊन, प्रत्येक शाळेतील दोन जुनी यंत्रे वर्षभर मुक्त प्रणालीवर चालवून पाहावीत. कोठे अडते याची नोंद लिपिकाने ठेवावी आणि पुढील खरेदीचा ठराव मांडताना ती वही संचालकांसमोर असावी.