यागामी, सीडी आणि लोडिंग

मशीनवरचा जुना फायटिंग गेम घरच्या कन्सोलवर उतरवला की सगळे आधी चित्रं बघतात. रंग तसेच आहेत का, मागची गर्दी हलते का... माझ्या मते हे दुय्यम आहे.

'द किंग ऑफ फायटर्स ९७' चंच घ्या. एसएनकेचा हा गेम १९९७ साली निओ-जिओच्या मशीनवर आला आणि जळगाव-धुळ्याकडच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये आमच्या पिढीचे कितीतरी रुपये त्यानं गिळले. एक दांडी, चार बटणं, पाठीमागे घामेजलेली दहा पोरं. दोघांचे तीन-तीन गडी. एक पडला की दुसरा लगेच समोर. जिंकलेल्याची ताकद थोडी भरून येते, पण थोडीच! एकट्या यागामीवर समोरचे तिन्ही लोळवायचे म्हणजे त्याच तारेत खेळत राहावं लागतं, आणि मागून "सोडू नको भो!" चालूच.

१९९८ मध्ये तो प्लेस्टेशनवर आला. मशीनमध्ये सगळी चित्रं चिपमध्येच, मागितली की हजर. प्लेस्टेशनची मुख्य मेमरी जेमतेम २ मेगाबाइट, बाकी माल सीडीवरून आणायचा. त्यामुळे हालचालींची काही चित्रं कापावी लागली, आणि गडी बदलला की लोडिंग! सेगा सॅटर्नवर १ मेगाबाइटचं जादा मेमरी कार्ट्रिज लावून हे बरंच सावरलं होतं, पण सॅटर्न मी आपल्या खानदेशात कुणाच्या घरी पाहिला नाही.

"काही सेकंदांनी काय बिघडतं?" असं म्हणणारे भेटतात. सगळंच बिघडतं हो. तेवढ्यात हरणारा सावरतो, जिंकणाऱ्याचा हात थंड पडतो. तीन गड्यांची एक सलग लढत न राहता सुट्या कुस्त्या होतात. कापलेली चित्रं मी माफ करीन, हे नाही.

घरी पुन्हा खेळायला नाणं लागत नाही, म्हणून ओरोचीपर्यंत कुणीही पोचतो. पार्लरमध्ये ओरोचीला पाडणाऱ्या मुलाला शेजारच्या गल्लीतली पोरंही ओळखायची. अर्थात हा दोष गेम उतरवणाऱ्यांचा नव्हे.

२०१८ मध्ये प्लेस्टेशन ४ साठी 'ग्लोबल मॅच' नावानं तो पुन्हा आला. लोडिंगची ती कटकट गेली. कुणी विचारलं तर मी हाच घ्यायला सांगतो, जुनी सीडी कितीही स्वस्त मिळाली तरी. फक्त दांडी वेगळी विकत घ्या. यागामीच्या त्या मोठ्या वाराला खालून पुढे आणि मग पुढून खालून मागे फिरवून बटण दाबावं लागतं. कंट्रोलरवर ते दहा वेळा केलं की अंगठा सोलवटून निघतो.