शेतकऱ्याची पहिली बंदूक : निवड आणि परवाना

पेरणी आपल्या हातीं, पाऊस देवाच्या हातीं, आणि पिकलेलें दाणे घरीं येणें रानडुकरांच्या मर्जीवर, अशी स्थिति आज डोंगरकडेच्या व जंगलालगतच्या कित्येक गांवीं झाली आहे. कोंकणांत भात व नाचणी, घाटमाथ्यावर भुईमूग व ऊंस, विदर्भांत तूर, हरभरा व सोयाबीन यांची नासाडी रानडुकरें व रोही यांचे कळप एका रात्रींत करितात. गोफण, बुजगावणें, डबे वाजविणें, शेकोटी व माळ्यावरील जागल हे उपाय जुने आहेत आणि ते सोडूं नयेत. परंतु कळप एकदां निर्ढावला म्हणजे तो त्यांस जुमानीत नाहीं. अशा वेळीं बंदूक घेण्याचा विचार शेतकऱ्याच्या मनांत येणें स्वाभाविक आहे, आणि आमच्या मतें तो योग्यही आहे. मात्र पहिली बंदूक कोणती घ्यावी, तिचा परवाना कसा मागावा, आणि परवान्यानें नेमका कोणता अधिकार मिळतो, या तीन गोष्टी समजून न घेतां जो बंदुकीच्या मागें लागतो, तो पीक तर वांचवीत नाहींच, पण स्वतःस कोर्टाच्या पायऱ्या चढावयास लावतो.

कुंपणाच्या तारेंत विजेचा प्रवाह सोडणें किंवा कणकेच्या गोळ्यांत स्फोटक दारू घालून ती बांधावर ठेवणें, असे प्रकार कांहीं ठिकाणीं चालतात. तारेला किंवा स्फोटकाला डुक्कर कोणतें आणि शेजाऱ्याची गाय कोणती हें कळत नाहीं. पहांटे पाणी धरावयास गेलेला मनुष्यही त्यांत मरतो. बंदुकीच्या मागें निदान एक जबाबदार डोळा व एक जबाबदार बोट असतें. म्हणून बंदूकच नको असें म्हणणाऱ्यांशीं आम्ही सहमत नाहीं. पण ती परवान्याची असावी व शिकलेल्या हातांत असावी, याबद्दल आमचा आग्रह आहे.

इंग्रज सरकारनें १८७८ सालीं हत्यारांचा कायदा केला, तेव्हां रयतेच्या हातीं शस्त्र असणें हाच संशयाचा विषय होता. त्याची जागा १९५९ च्या कायद्यानें घेतली. त्याचें १३ वें कलम प्रत्येक शेतकऱ्यानें कोणाकडून तरी नीट समजावून घ्यावें. खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठीं ठासणीची बंदूक मागणाऱ्या नागरिकास, चौकशी होऊन व दुसरी कायदेशीर हरकत नसल्यास, परवाना द्यावा असें त्यांत सांगितलें आहे. पुढें अशीही तरतूद आहे कीं, ठासणीची बंदूक या कामास पुरेशी नाहीं अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाल्यास, त्याला गुळगुळीत नळीच्या दुसऱ्या बंदुकीचा परवाना देतां येतो. ही दुसरी तरतूद पुष्कळांस ठाऊक नसते, आणि नवशिक्याच्या दृष्टीनें तीच महत्त्वाची आहे.

याचें कारण असें कीं, ठासणीची बंदूक स्वस्त दिसली तरी नवशिक्यास ती महाग पडते. दारू किती घालावयाची हें हाताच्या अंदाजावर राहतें. बार भरलेला आहे कीं नाहीं हें बाहेरून दिसत नाहीं, म्हणून एकावर दुसरा बार ठासला जाऊन नळी फुटण्याचें भय असतें. शिवाय डुकरांचा उपद्रव ऐन पावसाळ्यांत अधिक, आणि ओली दारू त्याच वेळीं दगा देते. उलट मागून मोडून काडतूस भरावयाची बंदूक उघडली कीं भरलेली आहे कीं रिकामी हें लहान मुलासही दिसतें. बांध ओलांडतांना, माळ्यावर चढतांना, घरांत शिरतांना ती उघडून रिकामी करितां येते. एवढ्या एका गुणासाठीं आम्ही पहिली बंदूक म्हणून काडतुसाच्या बंदुकीची शिफारस करितों. ठासणीची कां चालणार नाहीं, याचीं हीं कारणें अर्जांत स्पष्ट मांडावीं.

काडतुसाच्या बंदुकींतही बारा बोरची निवडावी. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या असतां त्यांतील एक जिच्या नळींत बरोबर बसेल, ती बारा बोरची. म्हणून सोळा किंवा वीस बोरची नळी तिच्याहून अरुंद असते. बारा बोरचीं काडतुसें मिळण्यास सर्वांत सोपीं. पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्यांतही तीं तयार होतात. एकनळी हलकी व स्वस्त खरी, पण जखमी डुक्कर अंगावर उलटतें, आणि त्या क्षणीं दुसऱ्या नळीची किंमत कळते. ज्यास परवडेल त्यानें साधी दुनळी घ्यावी. नक्षीकामास व नांवास पैसे देऊं नयेत. दस्ता आपल्या खांद्यास व हातास बेताचा आहे कीं नाहीं हें दुकानांत खांद्यास लावून पाहावें. लांब दस्ता कोटांत अडकतो, आंखूड दस्त्यानें गालास मार बसतो.

जुनी बंदूक घेणाऱ्यानें अधिक जपावें. नळींत आंतून गंज, पोंचा किंवा फुगवटा आहे काय, बिजागरी ढिली झाली आहे काय, हें जाणत्या कारागिराकडून पाहून घ्यावें. कित्येक जुन्या विलायती बंदुकींचें घर अडीच इंची काडतुसासाठीं केलेलें असतें. त्यांत पावणेतीन इंची काडतूस वरवर पाहतां बसतें, पण झाडतांना उघडण्यास त्याला जागा न मिळाल्यानें नळीवर भलताच दाब येतो. वेटोळ्या पोलादाच्या नक्षीदार जुन्या नळ्यांत आजचें काडतूस मुळींच घालूं नये. छऱ्याच्या बंदुकीचा भरंवशाचा टप्पा ३५ ते ४० वारांचा. डुकरासारख्या मोठ्या जनावरास बारीक छरे मारणें म्हणजे त्यास जखमी करून सोडणें होय, त्यासाठीं एल्. जी. किंवा एस्. जी. हे जाड छरे लागतात, आणि ते चुकले तर पुष्कळ लांब जातात. म्हणून मागें काय आहे हें दिसल्याशिवाय चाप ओढूं नये.

आतां परवान्याविषयीं. अर्जदाराचें वय २१ वर्षे पूर्ण पाहिजे. अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्याकडे, आणि जेथें पोलिस आयुक्तालय आहे तेथें आयुक्ताकडे करावयाचा असतो. त्यावर जवळच्या पोलिस ठाण्याचा अहवाल मागविला जातो. अर्जासोबत सातबारा व ८-अ चे उतारे तर जोडावेतच, पण मागील हंगामांतील पीकनुकसानीचे पंचनामेही जोडावेत. गरज तोंडानें सांगण्यापेक्षां कागदानें दाखविणें बरें. २०१६ च्या नियमांप्रमाणें शस्त्र सुरक्षितपणें हाताळण्याचें शिक्षण घेतल्याचा दाखला लागतो. ही कटकट न समजतां संधि समजावी. जमीनजुमला थोडा एवढ्याच कारणानें परवाना नाकारतां येत नाहीं. नाकारल्यास कारणें लेखी नोंदवावीं लागतात व त्यावर अपील चालतें. अभयारण्यापासून १० किलोमीटरांच्या आंत मात्र मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीशिवाय नवा परवाना मिळत नाहीं. राधानगरी, कोयना यांच्या आसपासच्या शेतकऱ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवून वेळ हातीं धरावा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पांच वर्षांची झाली आहे; ती संपण्यापूर्वीं नूतनीकरणाचा अर्ज करावा.

सर्वांत मोठा गैरसमज याच्या पुढचा आहे. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें रानडुक्कर व नीलगाय यांसही संरक्षण आहे. उभ्या पिकास उपद्रव देणारें जनावर मारावयाचें तर वनखात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याची निराळी परवानगी पाहिजे, आणि मारलेलें जनावर सरकारची मालमत्ता होतें. त्याचें मांस वाटून घेणें हा गुन्हा होय. मोर व काळवीट हीं तर पहिल्या अनुसूचींतील. पिकांत शिरलीं तरी त्यांच्यावर बार टाकूं नये. परवानगी हातीं येईपर्यंत बंदूक आपल्या शेतांत घेऊन जीव सांभाळावा, जागल करावी. त्याहून अधिक कांहीं करूं नये.

दुसरी गोष्ट आमच्या जमीनदार वाचकांस स्पष्ट सांगणें भाग आहे. परवाना मालकाच्या नांवें आणि रात्रीं बंदूक सालगड्याच्या हातीं, हा रिवाज मोडला पाहिजे. ज्याचें नांव परवान्यांत नाहीं, त्यानें ती चालविली तर तो अडकतो व मालकही अडकतो. आणि शिक्षा बहुधा गरिबास आधीं भोगावी लागते. जो स्वतः जागलीस जाणार नाहीं, त्यानें बंदूक घेऊंच नये. बंदूक व काडतुसें निरनिराळ्या कुलपांत ठेवावीं. वडील वारल्यावर बंदूक शेतीप्रमाणें वारसानें आपोआप येत नाहीं. ती जमा करून वारसानें स्वतःच्या नांवें परवाना मागावा. वरातींत बार काढणाऱ्यांसाठीं २०१९ सालीं स्वतंत्र कलम आलें असून, दुसऱ्याच्या जिवास धोका होईल असा बार काढल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊं शकतात.

शेतकऱ्यानें एवढें पथ्य पाळावें असें आम्ही म्हणतों, तेव्हां सरकारकडेही दोन मागण्या करणें आमचें कर्तव्य आहे. पहिली ही कीं, शस्त्र हाताळण्याच्या शिक्षणाची सोय तालुक्याच्या गांवीं, पेरणीपूर्वीं व्हावी. दुसरी निवडणुकीच्या काळांतील शस्त्रजमेविषयीं. २०२४ सालीं आमच्या राज्याच्या विधानसभेचें मतदान २० नोव्हेंबरास झालें. तो भाताच्या कापणीचा व रब्बी पिकें कोंवळीं असण्याचा काळ. प्रत्येक परवान्याचा स्वतंत्र विचार करण्यासाठीं जिल्ह्यांत छाननी समिति असते. तिनें पीकरक्षणाच्या बंदुका सरसकट ठाण्यांत न बोलावतां, ज्याच्याविरुद्ध कांहीं तक्रार नाहीं अशा शेतकऱ्यास हंगामांत मोकळीक द्यावी. कायदा शेतकऱ्याची गरज मान्य करितो; अंमलदारांनींही ती मान्य करावी.

तोंपर्यंत आमच्या शेतकरी बंधूंस सांगणें इतकेंच कीं, ज्यांस ही गरज खरोखर आहे त्यांनीं आपले पंचनामे आजच गोळा करावेत, अर्ज स्वतः समजून लिहावा, आणि बंदूक घरीं येण्यापूर्वीं ती उघडावयास व रिकामी करावयास शिकावें. झाडावयास शिकणें त्यानंतरचें.