टोकियोला निघालात? ‘बघू’ आठवा!

ऑनसाइटचं लेटर हातात पडलं की आपली तयारी मेतकुटापासून सुरू होते. माहुलची माझी एक मैत्रीण सध्या याच मूडमध्ये आहे. दोन वर्षं टोकियो! तिच्यासाठी केलेला होमवर्क तुमच्याशीही शेअर करतेय.

तसा जपान आपल्याला अगदी परका नाही. माहुलच्या शेजारच्या शिवडीहून निघणारा, २०२४ मध्ये सुरू झालेला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू जपानच्या ‘जायका’च्या कर्जातून उभा राहिलाय. दारात चपला काढणं, कुणाकडे रिकाम्या हातानं न जाणं, हे तर आपल्याच घरचे संस्कार. भातात चॉपस्टिक्स उभ्या खोचू नका. तसा भात तिथे मृतांसाठी ठेवतात. व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी घ्या, लगेच खिशात कोंबू नका. ट्रेनमध्ये मोबाइलवर गप्पा नकोत. आणि टिप? अजिबात नाही!

खरा घोळ मीटिंगमध्ये होतो. समोरचा ‘हाय’ म्हणत मान हलवतो, तो होकार असेलच असं नाही. बरेचदा ‘ऐकतोय’ एवढंच. ‘केंतो शिमासु’, म्हणजे ‘विचार करतो’, हा बहुतेकदा सभ्य नकार. तेवढ्यावर बॉसला ‘डील पक्कं’ अशी मेल टाकलीत, तर वाट लागलीच समजा.

पण आपल्याला हे कठीण का जावं? नको असलेल्या स्थळाला ‘बघू, कळवतो’ सांगणाऱ्या घरांतली आपण मुलं! तेव्हा मीटिंग संपताना नम्रपणे विचारा, पुढचं काम कुणी, कधीपर्यंत करायचं? तारीख मिळाली तर गाडी पुढे सरकली. नाही मिळाली, तर... बघू!