मागणी नाही, म्हणून माल नाही



औषधाच्या दुकानाचे कॅश क्रेडिट मंजूर करताना आम्ही बँकवाले प्रथम साठ्याचे पत्रक मागवीत असू. तापाची, रक्तदाबाची, मधुमेहाची औषधे पत्रकात वरच्या बाजूस असत. ती आठवड्या-पंधरवड्यात विकली जात, त्यांत पैसा गुंतला तरी अडकत नसे. तळाशी मात्र काही नावे अशी असत, की ज्यांच्या दोन-चार पट्ट्या वर्षभर फळीवर पडून राहत आणि मुदत संपण्याच्या सुमारास घाऊक विक्रेत्याकडे परत जात. पुढील वर्षी दुकानदार ती मागवीतच नसे. व्यापारी या नात्याने त्याचे काही चुकत नव्हते. ज्या औषधाविषयी आज लिहीत आहे, ते रजोनिवृत्तीच्या काळात घ्यावयाचे संप्रेरकांचे औषध, डॉक्टर ज्याला एचआरटी म्हणतात ते, अशा तळाच्या नावांपैकी आहे.

हा विषय घरातील वडीलधाऱ्या पुरुषाने काढावा हे काहींना रुचणार नाही. परंतु आपल्या बहुतेक घरांत महिन्याच्या औषधांची यादी घेऊन दुकानात जाणारा आणि ‘हे मिळाले नाही, पुढच्या वेळी पाहू’ असे सांगत परत येणारा पुरुषच असतो. त्या यादीतील कोणते नाव पुढे ढकलता येते आणि कोणते नाही, हे त्याला ठाऊक असलेले बरे.

भारतीय स्त्रियांची पाळी साधारणतः ४६-४७ व्या वर्षाच्या सुमारास थांबते. पाश्चात्त्य देशांत हेच वय ५१ च्या आसपास आहे. अंडाशयांतून स्रवणारे इस्ट्रोजेन कमी झाले, की अंगातून वाफा निघाल्यासारखे होते, रात्री घामाने अंथरूण भिजते, झोप उडते, चिडचिड वाढते, लघवीच्या जागी कोरडेपणा व जळजळ होते आणि पुढे हाडे ठिसूळ होऊ लागतात. पुष्कळ स्त्रियांना याकरिता औषध लागत नाही. ज्यांना लागते त्यांना इस्ट्रोजेन गोळीच्या किंवा जेलच्या रूपाने देतात, आणि गर्भाशय शाबूत असेल तर त्याच्या सोबत प्रोजेस्टेरॉन. ही ‘सोबत’ वाचकांनी ध्यानात ठेवावी. तुटवड्याच्या वेळी खरा धोका तिथेच आहे.

तुटवडा म्हणजे काय हे इंग्लंडने २०२२ साली पाहिले. लंडन-लेस्टरकडे आपली किती तरी मंडळी आहेत, त्यांच्या घरीही ही झळ पोहोचली असेल. दूरदर्शनवरील एक निवेदिका डेव्हिना मॅक्कॉल हिने २०२१ च्या मे महिन्यात रजोनिवृत्तीवर एक माहितीपट सादर केला. आधीच वाढत चाललेली मागणी त्यानंतर अशी उसळली की कारखान्यांना पुरवठा झेपेना. विशेषतः ‘ऑस्ट्रोजेल’ नावाचे जेल दुकानांतून दिसेनासे झाले. स्त्रिया गावोगावच्या दुकानांत चौकश्या करू लागल्या, एकमेकींना उरलेसुरले औषध देऊ लागल्या. अखेर एप्रिल २०२२ मध्ये तेथील आरोग्यमंत्री साजिद जाविद यांनी करोना लसीच्या कार्यदलाचे काम पाहिलेल्या मॅडेलिन मॅक्टर्नन यांना खास याच कामी नेमले. २९ एप्रिल रोजी तीन औषधांवर बंधन आले, की एका वेळी तीन महिन्यांपेक्षा अधिक साठा कोणासही द्यावयाचा नाही. पुढे दुकानदाराला ठरावीक पर्यायी औषध स्वतःच्या अधिकारात देण्याची मुभाही मिळाली. रेशनिंगच म्हणा ना. आमच्या पिढीला रॉकेल-साखरेच्या रांगा आठवतील.

पण एक गोष्ट पाहा. तेथे मागणी पुरवठ्याच्या पुढे गेली आणि ती आकड्यांत दिसली, म्हणून मंत्र्याला धावावे लागले. आपल्याकडे मागणीची नोंदच होत नाही. शहागडच्या बाजारात एखाद्या स्त्रीने चिठ्ठी दाखविली, औषध नाही म्हणून ती परत गेली, तर ते कोणत्याही वहीत चढत नाही. धुळे-सोलापूर महामार्गावरचे हे गाव, समोर गोदावरीचा पूल, पलीकडे बीड जिल्ह्याचा गेवराई तालुका. मालाच्या गाड्यांची येथे कमतरता नाही. दोन पट्ट्यांची मागणी जालन्याच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाऊक विक्रेत्यापर्यंत जावी, एवढाच प्रश्न आहे. मागणी नाही म्हणून माल नाही, आणि माल नाही म्हणून डॉक्टरही लिहून देत नाहीत.

डॉक्टर हात आखडता घेतात त्याला दुसरे कारण भीतीचे आहे, आणि ती भीती आकडा अर्धाच वाचल्याने वाढली असे माझे मत आहे. अमेरिकेत १६,६०८ स्त्रियांवर चाललेली एक मोठी चाचणी जुलै २००२ मध्ये मध्येच थांबविण्यात आली, कारण इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्यांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण शेकडा २६ ने वाढलेले आढळले. वर्तमानपत्रांत हे २६ टक्के गाजले. मूळ आकडा असा, की औषध न घेणाऱ्या दहा हजार स्त्रियांत वर्षाला ३० जणींना हा आजार होई, तर घेणाऱ्यांत ३८ जणींना. व्याजाचा दर सांगावा आणि मुद्दल सांगू नये, तसा हा प्रकार. वाढ खरी आहे. स्तनाचा कर्करोग झालेल्या, रक्ताच्या गाठी झालेल्या किंवा यकृताचा गंभीर विकार असलेल्या स्त्रीला हे औषध सहसा देत नाहीत, आणि विनाकारण रक्तस्राव होत असेल तर आधी तपासणी. पण त्या चाचणीतील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, हेही सांगावयास हवे. साठीच्या आत आणि पाळी थांबल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरुवात करणाऱ्या निरोगी स्त्रीचा हिशेब वेगळा निघतो, हे पुढील अभ्यासांनी दाखविले.

आता पुलापलीकडचे. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर स्त्रियांच्या ‘पिशवी काढण्याच्या’ शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. सहांत एक पडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सबंध देशाचे प्रमाण शेकडा तीनच्या आसपास आहे. यांतील कित्येकींचे वय तिशीच्या आतबाहेर. कोयत्याला म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला मुकादमाची उचल मिळालेली, एक दिवस खाडा पडला तर दंड, फडावर ना पाणी ना आडोसा; अशा स्थितीत पाळीचा त्रास आणि अंगावरून जाणे यांवर ‘पिशवी काढून टाका, कटकट मिटेल’ हा सल्ला स्वीकारला गेला, तोही पुष्कळदा कर्ज काढून. त्यानंतर बीड जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचा नियम आला, आणि ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्यास सर्व राज्यांना सांगितले.

शस्त्रक्रियांची चर्चा झाली, त्यांच्या पुढच्या आयुष्याची फारशी झाली नाही. नुसते गर्भाशय काढले तर अंडाशय काम करीत राहतात, जरी ते काही वर्षे आधी थकतात. पण दोन्ही अंडाशयही काढले, तर बत्तीस वर्षांच्या स्त्रीची रजोनिवृत्ती एका दिवसात होते. निसर्ग जे हळूहळू करतो ते शस्त्राने तत्काळ केलेले असते. अशा स्त्रीला, अन्य अडचण नसेल तर, पाळी स्वाभाविकपणे थांबण्याच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन द्यावे असे वैद्यकशास्त्र सांगते. एरवी हाडांची झीज आणि हृदयविकार लवकर गाठतात. दिवाळीच्या आगेमागे फडावर जाण्यापूर्वी आपल्याच पेठेतून चहापत्ती आणि तेलमीठ भरून नेणाऱ्या या बाया कंबरदुखीसाठी मेडिकलमधून वेदनाशामक गोळी नेतात. आपल्या समाजातील जे कोणी औषधाच्या धंद्यात आहेत त्यांनी एवढे केले तरी पुरे: कमी वयाची बाई वारंवार त्या गोळीसाठी आली, तर तुमच्या घरातील बाईमाणसाने तिला विचारावे की पिशवीबरोबर अंडाशयही काढले आहेत काय, आणि शस्त्रक्रियेचा कागद घेऊन सरकारी रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावयास सांगावे. मुरगळलेल्या कंबरेची गोळी देऊन तिला वाटेला लावणे सोपे असते, म्हणून हे लिहिले.

आपल्या घरांपुरते बोलावयाचे तर पहिली गोष्ट चिठ्ठीची. औषध नियमावलीप्रमाणे दुकानदाराला चिठ्ठीवरील औषधाऐवजी दुसऱ्या कंपनीचे औषध आपल्या मनाने देता येत नाही, मग घटक तोच का असेना. इंग्लंडमध्ये दिली गेली तशी मुभा येथे नाही. तेव्हा डॉक्टरांकडूनच मूळ घटकाचे नाव, मात्रा आणि ‘हे न मिळाल्यास ते’ असा पर्याय लिहून घ्यावा. हा कागद तुटवडा येण्याआधी हाती असावा.

दुसरी गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते. इस्ट्राडिओल व्हॅलरेट ही गोळी वंध्यत्वाच्या उपचारात गर्भाशयाचे अस्तर तयार करण्यासाठीही देतात, आणि प्रोजेस्टेरॉन तर गर्भ टिकविण्यासाठी सर्रास वापरतात. म्हणून गावातल्या दुकानात ही औषधे नसली तरी जिल्ह्याच्या ठिकाणी टेस्ट ट्यूब बेबी केंद्राच्या किंवा मोठ्या प्रसूतिगृहाच्या शेजारच्या दुकानात ती मिळण्याचा संभव अधिक. साठ वर्षांच्या गृहस्थाने तेथे जाऊन मागण्यात संकोच कसला?

औषध संपत आले असता ‘दोन्ही नाही मिळाली, एक तरी चालू ठेवू’ असे करू नये. गर्भाशय असलेल्या स्त्रीने प्रोजेस्टेरॉनविना नुसते इस्ट्रोजेन चालू ठेवल्यास गर्भाशयाचे अस्तर वाढत जाते आणि कर्करोगाची शक्यता निर्माण होते. प्रोजेस्टेरॉन मिळत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. ज्यांचे गर्भाशय काढले आहे त्यांना ही अडचण सहसा नाही. थोडे दिवस खंड पडला तर जिवाला धोका नसतो, त्रास मात्र परत येतो. औषध पुन्हा सुरू करताना बुडालेल्या दिवसांची भरपाई म्हणून दुप्पट मात्रा घेऊ नये. जावेची किंवा नणंदेची गोळी उसनी घेऊ नये, तिच्या चिठ्ठीत काय आणि का लिहिले आहे ते निराळे असते. साठा एक महिन्याचा पुढे असावा. सहा महिन्यांचा भरला तर मुदत संपते आणि शेजारच्या घरात चणचण होते.

आपल्या आचारधर्माशी संबंधित दोन मुद्दे राहिले. ‘प्रिमारिन’ हे १९४२ पासून अमेरिकेत विकले जाणारे इस्ट्रोजेन गाभण घोड्यांच्या मूत्रातून काढतात, नावच त्यावरून पडले आहे. त्याकरिता घोड्यांना महिनोन्महिने बांधून ठेवतात. तुटवड्यात दुकानातून किंवा परदेशस्थ नातेवाइकांकडून हे आले तर ‘कॉन्ज्युगेटेड इस्ट्रोजेन’ हे शब्द वेष्टनावर आहेत काय ते पाहून डॉक्टरांना त्याऐवजी इस्ट्राडिओल मागावे. ते वनस्पतिजन्य द्रव्यापासून प्रयोगशाळेत बनते. (त्या वनस्पतींत रानटी कंदही आहे. कंदमुळाचा प्रश्न तेथवर पोहोचतो काय, हे महाराज साहेबांना विचारावे. बँक अधिकाऱ्याला नव्हे.) प्रोजेस्टेरॉनच्या मऊ कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे असते आणि औषधांवर हिरवा-तांबडा ठिपका छापण्याचे बंधन नाही. डायड्रोजेस्टेरॉन गोळीच्या रूपात मिळते. तो पर्याय आपल्याला चालेल काय, हे डॉक्टरांना विचारता येते.

चौविहार पाळणाऱ्या स्त्रियांची अडचण वेगळीच आहे. प्रोजेस्टेरॉनने गुंगी येते म्हणून ते निजताना घेण्यास सांगतात, आणि सूर्यास्तानंतर पाणीही वर्ज्य. परिणामी चातुर्मासात कित्येकजणी ती गोळी परस्पर सोडून देतात आणि इस्ट्रोजेन तेवढे सकाळी घेत राहतात. दुकानात माल असूनही घरात पडलेला हा तुटवडा, आणि तोही वर सांगितलेल्या धोक्याच्या प्रकारचा. काही रुग्णांना डॉक्टर प्रोजेस्टेरॉन योनीमार्गे देतात, काहींची वेळ सूर्यास्तापूर्वीची ठरवून देतात, इस्ट्रोजेनसाठी त्वचेवर लावावयाचे जेल असते. अठ्ठाई किंवा आयंबिलाची ओळी करावयाची असेल तर त्याचे दिवसही आधी सांगावेत. चातुर्मास बसण्यापूर्वीच्या महिन्यात डॉक्टरांची भेट घेतली, तर चिठ्ठीवर वेळांची दुरुस्ती होऊन येते आणि ती दुकानदाराला दाखवून पुढील चार महिन्यांची मागणी त्याच्या वहीत लिहविता येते.