पाच स्टार द्यायच्या आधी



दर वेळी मी इथे एखाद्या पाठाचा निबंध किंवा उपक्रम घेऊन येते. आज पाठ्यपुस्तकात नसलेल्या एका धड्याबद्दल लिहिते आहे.

मागच्या सत्रातली गोष्ट. माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलाची आई शाळा सुटताना भेटायला आली. हातात मुलाचं दप्तर, पट्टा मुळापासून उसवलेला. "मॅडम, तीन आठवडे पण नाही झाले हो." ती इथेच खरवईच्या एमआयडीसीत पॅकिंगच्या कामाला जाते. शिफ्ट सांभाळून बाजार फिरायला वेळ कुठला? म्हणून मोबाईलवर मागवलं. मी सहज विचारलं, "ताई, त्या दुकानाचं रेटिंग बघितलं नव्हतं का?"

"बघितलं ना. चांगले चार-साडेचार स्टार होते," ती म्हणाली. मग जरा थांबून, खाली बघत म्हणाली, "मी पण पाच दिलेत मॅडम."

दप्तराबरोबर एक कार्ड आलं होतं. पाच स्टार द्या, स्क्रीनशॉट पाठवा, ७५ रुपये मिळवा. तिने पार्सल फोडलं त्याच संध्याकाळी पाच स्टार दिले आणि "व्हेरी गुड" लिहिलं. पोराने दप्तर खांद्याला अजून लावलंही नव्हतं.

मी तिला काही बोलू शकले नाही. का, ते पुढे सांगते. आधी हा रेटिंगचा कारभार चालतो कसा ते बघू.

ग्राहकांची मतं गोळा करणं हाच काही कंपन्यांचा धंदा आहे. आपल्या मुंबईत फैसल फारूकी यांनी २००० साली माउथशट डॉट कॉम सुरू केली. तेव्हा आपल्यातल्या बहुतेकांच्या घरी इंटरनेटही नव्हतं. डेन्मार्कमध्ये २००७ साली ट्रस्टपायलट सुरू झाली. ऑनलाइन दुकानांना ग्राहकांनी दिलेले स्टार दाखवणारी ही आज जगभर माहीत असलेली कंपनी. ग्राहकाला लिहायला आणि वाचायला पैसे पडत नाहीत. कंपनीला पैसे मिळतात ते दुकानदारांकडून. ते वर्गणी भरतात आणि ग्राहकांना अभिप्राय मागण्याची, तो आपल्या साइटवर दाखवण्याची सोय विकत घेतात. म्हणजे ज्यांची परीक्षा, तेच फी भरणारे. यात लबाडी असतेच असं मी म्हणत नाही. खाजगी शाळेतही पालक फी भरतात, म्हणून सगळे शिक्षक मार्क वाढवत नाहीत. पण फी कोण भरतं हे वाचणाऱ्याला माहीत असायला हवं.

या कंपन्यांनी चांगलं कामही केलं आहे. २०११ च्या आयटी नियमांमुळे कुणीही तक्रारीचं पत्र पाठवलं की वेबसाइटवरचा मजकूर काढून टाकायचा दबाव यायचा. एखाद्या ग्राहकाने "माल खराब निघाला" असं लिहिलं, की विक्रेत्याची नोटीस हजर. या नियमांविरुद्ध माउथशट २०१३ साली सुप्रीम कोर्टात गेली. पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या मजकुरावरून २०१२ मध्ये अटक झाली होती, ते आपल्याला आठवत असेल. त्यानंतर कलम ६६अ विरुद्ध जो खटला उभा राहिला, त्याच्याबरोबरच माउथशटची याचिकाही ऐकली गेली. २४ मार्च २०१५ ला निकाल लागला. ६६अ रद्द झालं आणि कोर्टाचा आदेश किंवा सरकारची सूचना असेल तरच मजकूर काढण्याचं बंधन राहिलं. साध्या ग्राहकाला "नाही आवडलं" म्हणण्याचा हक्क असा भांडून टिकवलेला आहे.

आणि तोच हक्क आपण ७५ रुपयांना विकतो!

ट्रस्टपायलट स्वतःच्या अहवालात सांगते की दरवर्षी लाखो खोटे अभिप्राय काढावे लागतात. खोट्याने किती फरक पडतो, ते मी वर्गात फळ्यावर करून दाखवलं. एका दुकानाला चार खऱ्या ग्राहकांनी प्रत्येकी दोन स्टार दिले. एकूण आठ, सरासरी दोन. आता दुकानदाराने आठ खोटे पाच-पाच स्टार मिळवले. ते झाले चाळीस. चाळीस आणि आठ अठ्ठेचाळीस, भागिले बारा. "बाई, चार आले!" पोरं ओरडली. चार माणसं खरं बोलली होती, तरी दोनाचे चार झाले. एक मुलगी म्हणाली, "मग खरं बोलणाऱ्यांचं काय उपयोग?" खरंच, काय उत्तर देणार?

कायदा आहे. ई-कॉमर्सबद्दलचे ग्राहक संरक्षण नियम २०२० साली आले. विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून स्वतःच अभिप्राय लिहायचा नाही, असं त्यात आहे. सदोष माल परत घ्यायला नकार द्यायचा नाही, हेही आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक काढलं. लिहिणारा खरा आहे का ते ईमेल, फोन, एसएमएसने तपासावं, विकत घेतलेले अभिप्राय छापू नयेत, असं ते सांगतं. पण ते आणलं गेलं ऐच्छिक म्हणून. पाळायचं की नाही हे कंपनीच्या मर्जीवर.

आणि समजा, सगळ्या कंपन्यांनी पाळलं, तरी आमच्या या ताईंचं काय? तिचा फोन नंबर खरा, ईमेल खरा, खरेदी खरी. खोटे फक्त पाच स्टार. ते कुठलं मशीन पकडणार?

आता मी तिला का बोलले नाही ते सांगते. २०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि वर्णनात्मक नोंदी आल्या. सत्र संपत आलं की आपण काय करतो? तयार नोंदींची यादी शोधतो. "वाचन स्पष्ट करतो." "गटकार्यात सहभागी होते." घ्या आणि उतरवा. मी पण केलंय. चाळीस मुलं, जोडीला ऑनलाइन माहिती भरायची, सर्वेक्षणं. वेळ नव्हता हे खरंच. पण त्या पोराच्या आईने ती नोंद वाचली, तिच्यावर विश्वास ठेवला आणि खाली सही केली. माझी ती नोंद आणि तिचं ते "व्हेरी गुड", फरक किती? मला तर ७५ रुपयेही कुणी दिले नव्हते.

म्हणून माझं मत सरळ आहे. अभिप्राय ही साक्ष आहे, आणि साक्ष द्यायला शाळेतच शिकवायला हवं. दहावीच्या मराठीत आपण मुलांना जाहिरात लेखन शिकवतो. वस्तू कशी खपवायची ते शिकवतो, वापरून झाल्यावर खरं कसं सांगायचं ते नाही.

मी चौथीत हा छोटा उपक्रम घेतला. स्वतः वापरलेली एक वस्तू निवडायची आणि चार वाक्यं लिहायची:

१. किती दिवस वापरली?
२. काय चांगलं आहे?
३. काय चांगलं नाही?
४. कुणी घ्यावी, कुणी घेऊ नये?

एकाने लिहिलं, "माझी वॉटरबॅग दोन महिने वापरली. पाणी गार राहते. झाकण ढिले आहे, दप्तर भिजते. ज्याच्या दप्तराला बाहेर खिसा आहे त्याने घ्यावी." कुठल्याही साडेचार स्टारपेक्षा मला हे जास्त उपयोगाचं वाटलं. त्यानंतर सत्राच्या नोंदी मी त्याच चार प्रश्नांवर लिहिल्या. वेळ दुप्पट लागला. सगळ्या चाळीस जमल्या नाहीत, अठ्ठावीस झाल्या.

त्या ताईंना मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर दिला. घरी जाऊन त्यांनी स्वतःच आपला अभिप्राय बदलला. पाचाचे दोन केले आणि मराठीत लिहिलं, "वीस दिवसांत पट्टा निघाला. आधी पैशासाठी पाच दिले होते." मला मोबाईल दाखवताना म्हणाल्या, "लाज वाटली लिहायला. पण दुसऱ्या कुणाचं पोर फसायला नको."

तुमच्या वर्गात हा उपक्रम घेऊन बघा. आणि या सत्राच्या नोंदी लिहिताना निदान पाच तरी स्वतःच्या डोळ्यांनी बघून लिहा.