स्टेडियम म्हणू नका, प्लीज

एच-वन व्हिसावर अमेरिकेत असलेल्या मंडळींना प्वेर्तो रिको का आवडतं हे वेगळं सांगायला नको. निळा समुद्र, राजमा-भात, आणि मुख्य म्हणजे परत येताना स्टॅम्पिंगची भानगड नाही, कारण बेट अमेरिकेच्याच ताब्यात! गेल्या हिवाळ्यात लाँग वीकेंडला आम्ही चौघे गेलो. दोन दिवस बीचवर लोळलो आणि तिसऱ्या दिवशी, माझ्या हट्टापायी, डोंगरात उतुआदोजवळच्या काग्वानाला.

गाडीतून उतरल्या उतरल्या एक मित्र म्हणाला, "अच्छा, म्हणजे हे ताइनो लोकांचं स्टेडियम!" झालं. माझं डोकं जे फिरलं ते परतीच्या विमानापर्यंत. त्या बिचाऱ्याचा दोष नाही म्हणा. टूरवाले हेच सांगतात, सगळे हेच म्हणतात.

आता कबूल करतो, उपमा अगदीच टाकाऊ नाही. सपाट अंगण, कडेने उभे दगड, रबराचा चेंडू, दोन संघ. हात लावायचा नाही. कंबर, खांदा, गुडघा यांनी चेंडू उडवायचा. असा उसळणारा चेंडू युरोपीय लोकांनी पाहिलाच नव्हता, त्यामुळे सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश लेखकांनी त्याचं मोठ्या नवलाने वर्णन केलंय. बघे असायचे, आणि कासिके म्हणजे मुखिया लाकडी आसनावर बसायचा. खेळाचं नाव बाते आणि अंगणाचंही बाते.

पण त्याच अंगणात अरेइतो व्हायचे, म्हणजे नाचत गात पूर्वजांचा इतिहास सांगायचा. लिहिलेलं काही नव्हतं, इतिहास पायांत आणि गळ्यातच. काग्वानाच्या मोठ्या पटांगणाच्या एका बाजूच्या दगडांवर चेहरे कोरलेत, आणि एक बाई, पाय बेडकासारखे दुमडलेली. पोन्सेजवळच्या तीबेसमध्ये तर दगडी अंगणांच्या परिसरात त्यांच्याही आधीच्या लोकांची शंभराहून जास्त दफनं सापडली. देऊळ, ग्रंथालय, स्मशान आणि मैदान, सगळं एकाच जागी. याला स्टेडियम म्हणणं म्हणजे पंढरपूरच्या वाळवंटाला ओपन एअर थिएटर म्हणण्यासारखं आहे.

"शब्दांवरून काय भांडतोस?" असं मित्राने विचारलंच. भांडतो, कारण शब्दाने किंमत ठरते. स्टेडियम जुनं झालं की माणसं नवीन बांधतात. सान हुआनचं हिराम बिथोर्न स्टेडियम १९६२ चं. मेजर लीगमध्ये खेळलेल्या पहिल्या प्वेर्तोरिकन खेळाडूचं नाव त्याला दिलंय. २००३ आणि २००४ मध्ये माँट्रियल एक्स्पोजने दर वर्षी काही 'घरचे' सामने तिथे खेळले, मग टीम वॉशिंग्टनला गेली. बेटाला टीम मिळाली नाही, हळहळ झाली, पण चालतं. टीम उठून दुसऱ्या गावी जाऊ शकते. बाते कुठे जाणार?

आता खरा मुद्दा. पोर्तुगेस नावाची एक नदी आहे. १९७५ मध्ये एलोईस वादळाच्या पुराने तिच्या काठची माती वाहून गेली आणि तीबेस उघडं पडलं. आज तिथे संग्रहालय आहे. त्याच नदीवर, पोन्से शहराला पुरापासून वाचवायला, अमेरिकी लष्कराच्या इंजिनिअर दलाने धरण बांधायला घेतलं. २००७ मध्ये त्या कामाच्या जागेत हाकाना हे ठिकाण खणलं गेलं: मोठं बाते, कोरलेले दगड, दफनं. वस्तू अभ्यासासाठी जॉर्जिया राज्यात रवाना. बेटावर बोंबाबोंब झाली, आणि व्हायलाच हवी होती. शेवटी अंगण पुन्हा मातीखाली झाकून ठेवलं.

धरण नको असं मी म्हणत नाही. पुरात घर गेलेल्या माणसाला पुरातत्त्वाचं लेक्चर देणारा मी कोण? झाकणं हेही जतनच, असं तज्ज्ञ म्हणतात, तेही मान्य. पण वस्तू समुद्रापलीकडे न्यायच्या की नाही, हे आधी बेटावरच्या लोकांना विचारायला काय झालं होतं? आमच्या धंद्यात, जुना कोड कोण वापरतंय हे न बघता उडवणाऱ्याला शिव्या बसतात. इथे तर वापरणारे समोर उभे होते.

"ताइनो तर कधीच संपले ना?" हा मित्राचा पुढचा बॉल. पुस्तकांत तसंच छापलेलं असायचं. मग २००० नंतरच्या अभ्यासांत प्वेर्तोरिकन लोकांच्या आईकडून येणाऱ्या डीएनएची तपासणी झाली, तेव्हा सुमारे ६१ टक्के लोकांत तो मूळ अमेरिकी निघाला. म्हणजे आम्हाला राजमा-भात वाढणाऱ्या मावशींची कितव्या तरी पिढीतली आजी त्या अंगणात नाचली असेल. तिच्या हाडांना 'साईटवर सापडलेला माल' म्हणायचं का?

मित्र गप्प बसला. पटलं म्हणून की भूक लागली म्हणून, कोण जाणे. तुम्ही गेलात तर एक दिवस बीच सोडा आणि तीबेसला जा. नदी शेजारीच आहे. त्याच नदीवर धरण कुठे आहे आणि हाकाना कुठे, हे गाईडला विचारा. आणि त्याने स्टेडियम म्हटलं, तर माझ्या वतीने भांडा.