संपला कीं गळला?

मराठी गृहस्थाच्या घरांत ‘संपणें’ हें क्रियापद दिवसांतून दहा वेळां कानीं पडतें. डब्यांतील साखर संपते, समईंतील तेल संपतें, महिन्याअखेर पैसे संपतात. आणि संपणें म्हणजे ती वस्तु कोणीतरी वापरून टाकली, असाच आपण अर्थ घेतों. आमचें सारें आयुष्य मुलांस क्रियापदें चालविण्यास शिकविण्यांत गेलें. तरीहि या एका क्रियापदाची योजना चुकल्यामुळें आमच्याच घरांत एका निरपराध मुलावर वर्षभर दोष राहिला, आणि तो ठेवणाऱ्यांत आम्हीहि होतों. ही हकीकत सांगतांना आम्हांस थोडा संकोच वाटतो; परंतु ज्यांच्या दारीं मोटार उभी आहे अशा कुटुंबांस ती उपयोगी पडेल, म्हणून वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमची मोटार सामाईक आहे व तिचा जमाखर्च आमचे वडील बंधु, म्हणजे घरांतील सर्वांचे दादा, ठेवतात. दोन वर्षांपूर्वीं उन्हाळा लागतांच गाडींतील गारवा कमी झाला. जवळच्या एका गॅरेजांत गाडी नेली. तेथल्या मनुष्यानें “गॅस संपलाय” असें सांगून गॅस भरला व पैसे घेतले. पुढील चैत्रांत पुन्हां तोच प्रकार. आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा नोकरीनिमित्त दर पंधरवड्यास गाडी घेऊन पुण्याहून कोल्हापुरास जातो, आणि खंबाटकीच्या घाटांत तो एअर कंडिशनर पूर्ण जोरावर ठेवतो हें सर्वांस ठाऊक होतें. तेव्हां गॅस संपविणारा कोण, हें ठरविण्यास घरांत कोणासहि अडचण पडली नाहीं. दादा म्हणाले, “वापरतो कोण? मग भरावयाचा त्यानेंच.” आम्हींहि मान हालविली. मुलानें कांहीं न बोलतां दोन हजार दोनशें रुपये दिले, आणि त्या दिवसापासून तो भर उन्हांत कांचा उघड्या टाकून प्रवास करूं लागला. त्याच वैशाखांत वहिनींना त्याच्याबरोबर कोल्हापुरास जाण्याचा प्रसंग आला. त्यांस दम्याचा विकार. रस्त्याची धूळ आणि ऊन यांनीं त्या पोंचतांच अंथरुणास खिळल्या, त्या चार दिवस उठल्या नाहींत.

यंदा चैत्र उजाडला आणि गारवा पुन्हां नाहींसा झाला. या वेळीं मात्र आमच्या मनांत एक शंका उभी राहिली. वापर असतांना क्षय दिसला हा अन्वय झाला. पण वर्षभर वापर जवळजवळ बंद असतांहि क्षय झालाच, तर व्यतिरेक कोठें राहिला? ज्याच्या अभावींहि कार्य घडतें, तें त्या कार्याचें कारण नव्हे, हें तर्कशास्त्राच्या पहिल्या धड्यांत येतें. इकडे पूर्वींच्याच गॅरेजांतून निराळें उत्तर आलें: “कूलिंग कॉइल गेली; डॅशबोर्ड उघडावा लागेल; चौदा हजार रुपये.” शोध कसा केला, असें विचारतां, “नेहमीं तीच जाते” एवढेंच सांगण्यांत आलें. तेव्हां एका स्नेह्यानें सुचविलेल्या दुसऱ्या, वयस्क कारागिराकडे पुतण्यास घेऊन आम्ही गेलों. आमची हकीकत ऐकून तो हंसला व म्हणाला, “मास्तर, गाडीचा गॅस संपत नसतो. तो गळतो.”

त्याचें म्हणणें समजण्यास घरांतील माठ आठवावा. माठाच्या पृष्ठभागावरून पाण्याची वाफ होते, ती होतांना पाण्याचीच उष्णता घेते आणि पाणी गार पडतें. मोटारींतील योजना याच तत्त्वावर उभी आहे. आर-१३४ए हा सध्यां आपल्याकडील बहुतेक गाड्यांत असणारा पदार्थ साध्या हवेच्या दाबाखालीं उणे २६ अंशांवरच उकळतो. डॅशबोर्डमागील कूलिंग कॉइलमध्यें तो उकळून वायुरूप होतो व त्यासाठीं लागणारी उष्णता गाडींतील हवेंतून घेतो. तेथून काँप्रेसर त्यास ओढून दाबतो. तो तप्त वायु गाडीच्या तोंडाशीं असलेल्या कंडेन्सरांत वाऱ्यानें निवून द्रव होतो. आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रांतून दाब उतरून पुन्हां कॉइलमध्यें येतो. माठाची वाफ हवेंत निघून जाते म्हणून माठांत पाणी घालावें लागतें. येथील वाफ परत द्रव होऊन त्याच नळ्यांतून फिरते. पेट्रोलप्रमाणें ती जळतहि नाहीं. रबरी नळ्यांतून वर्षाकांठीं अत्यल्प पाझर होतो, तेवढा सोडला तर घाटांत चालविल्यानें हा गॅस कमी होण्याचें कांहींच कारण नाहीं. दरसाल भरावा लागत असेल, तर कोठें तरी छिद्र आहे.

मग त्यानें परीक्षा आरंभिली. गारवा नसण्याचीं इतरहि कारणें असतात, म्हणून प्रथम कंडेन्सरचा पंखा फिरतो कीं नाहीं, काँप्रेसरचा पट्टा सैल आहे काय, आंतील हवेची जाळी धुळीनें कोंदली आहे काय, हें त्यानें पाहिलें. नंतर एंजिन बंद असतांनाच गेज लावलें. सावलींत ३० अंश उष्णता होती. कांटा ९७ पौंडांच्या आसपास उभा राहिला. पुतण्या म्हणाला, “दाब तर चांगला दिसतो.” कारागीर म्हणाला, “स्वयंपाकाच्या सिलिंडरांत किती गॅस राहिला, हें दाबावरून कळतें का?” हा दृष्टांत आम्हांस फार पटला. सिलिंडरांत द्रवाचे चार थेंब असोत कीं १४.२ किलो असोत, त्याच उष्णतेस दाब तोच राहतो. राहिलें किती, हें वजनानेंच समजतें. गाडीच्या बाबतींतहि स्थिर अवस्थेंतील दाब प्रमाण सांगत नाहीं. बॉनेटखालील चिठ्ठीवर आमच्या गाडीचें माप ४५० ग्रॅम लिहिलेलें होतें.

गॅस बाहेर काढण्यापूर्वीं त्यानें बॅटरी घेऊन एकेक सांधा न्याहाळला. या गॅसबरोबर काँप्रेसरचें तेलहि फिरत असतें. जेथून गॅस निसटतो तेथें तेल पाझरतें व त्यावर धूळ बसून काळसर चिकट डाग पडतो. धुरावरून अग्नीचें अनुमान करावें तसें या डागावरून गळतीचें. कंडेन्सरच्या एका नळीच्या सांध्याशीं असा डाग होता. मग गॅस हुंगणारें एक लहान विजेचें यंत्र त्यानें सांध्यांच्या खालच्या बाजूनें सावकाश फिरविलें; गॅस हवेपेक्षां जड असल्यामुळें तो खालीं उतरतो. डागाशीं यंत्र ओरडूं लागलें. पुढें, जिच्यावर चौदा हजारांचा आरोप होता त्या कूलिंग कॉइलची पाळी आली. पंखा बंद करून दहा मिनिटें थांबल्यावर त्यानें कॉइलचें पाणी ज्या नळींतून बाहेर पडतें तिच्या तोंडाशीं यंत्राचें टोंक धरलें. यंत्र मुकेंच राहिलें.

“सांपडली तर!” असें आम्ही म्हटलें. “एक सांपडली,” तो म्हणाला. “बाकीचे सांधे निर्दोष आहेत, हें अजून ठरावयाचें आहे.” त्यानें उरलेला गॅस हवेंत न सोडतां यंत्रानें काढून घेतला व तोलला. तो अवघा २१० ग्रॅम भरला. नंतर नळ्यांत कोरडा नायट्रोजन दाबानें भरून प्रत्येक सांध्यास साबणाचें पाणी लावलें. डागाच्या ठिकाणीं बुडबुडे आलेच. पण गॅस भरावयाच्या व्हॉल्व्हच्या तोंडाशींहि ते हळूहळू उमटूं लागले. त्या व्हॉल्व्हचें टोपण जागेवर नव्हतें. आंतील लहान व्हॉल्व्ह थोडाफार पाझरला तरी हें टोपण गॅस अडवितें. तें गॅस भरतांना काढलें असावें आणि परत बसविण्याचें राहून गेलें. म्हणजे जुन्या गळतीवर उपाय म्हणून जो गॅस भरला, त्या भरण्यांतच दुसऱ्या गळतीचा जन्म झाला!

दुरुस्ती मोठी नव्हती. आठ वर्षांच्या उष्णतेनें दगडासारखी झालेली रबराची ओ-रिंग काढून, या गॅसास योग्य अशी नवी ओ-रिंग तेल लावून बसविली. दोन्हीं व्हॉल्व्हचे आंतले भाग व टोपणें नवीं घातलीं. ओलावा शोषणारा ड्रायर बदलला. मग पंपानें नळ्यांतील हवा अर्धा तासाहून अधिक वेळ ओढून काढली. हें केवळ हवा काढण्यासाठीं नसतें. ३० अंश उष्णतेचें पाणी उकळावयास दाब सुमारें ३२ मिलिमीटर पाऱ्याइतका उतरावा लागतो. पंप त्याच्याहि खालीं जातो, त्यामुळें आंतील ओलाव्याची वाफ होऊन तो निघून जातो. ओलावा राहिल्यास तो तेल बिघडवितो व आंतून धातु खातो. निर्वात टिकला म्हणजे गळती नाहीं, असें मात्र समजूं नये, अशी पुस्ती कारागिरानें जोडली. कारण त्या वेळीं फक्त बाहेरच्या हवेचा दाब आंत ढकलीत असतो, आणि काम चालू असतांना त्याच्या पंधरापटीपर्यंत दाब आंतून बाहेर ढकलतो. शेवटीं गेलेल्या तेलाची भरपाई करून त्यानें बरोबर ४५० ग्रॅम गॅस तोलून भरला. सर्व मिळून खर्च चार हजारांच्या आंत आला.

हें सर्व आम्हीं वाचकांनीं घरीं करावें म्हणून लिहिलेलें नाहीं. द्रवरूप गॅस डोळ्यांत किंवा त्वचेवर उडाल्यास तो भाग गोठतो. ज्योतीच्या संसर्गानें त्यापासून विषारी वायु उत्पन्न होतात. आणि नायट्रोजनच्या जागीं ऑक्सिजन वापरणें तर प्राणावर बेतणारें आहे. गळती आपोआप बंद करणारें औषध म्हणून बाजारांत मिळणाऱ्या डब्यांपासूनहि दूर राहावें. त्यांतील द्रव्य बारीक मार्ग बुजवूं शकतें. आपलें काम प्रश्न विचारण्याचें. गॅस कमी आहे हें तोलून पाहिलें काय? गळती कोणत्या सांध्याशीं, व ती आम्हांस दाखवितां काय? एक सांपडल्यावर बाकीचे सांधे तपासले काय? नवा गॅस चिठ्ठीवरील मापानें तोलून भरला, व टोपणें बसविलीं काय? एवढ्या प्रश्नांस सरळ उत्तरें देणारा कारागीर भेटला तर त्यास सोडूं नये. गळती तशीच ठेवून गॅस भरीत राहणाऱ्यांनीं हेंहि ध्यानीं धरावें कीं, गॅसबरोबर तेल जातें, आणि तेलावांचून काँप्रेसर एके दिवशीं आंवळून बसतो; मग चौदा हजार थोडे वाटतात.

या गळतीचा संबंध आपल्या अंगणापुरता नाहीं. पूर्वीं मोटारींत आर-१२ नांवाचा पदार्थ असे. अशा पदार्थांतील क्लोरिन वातावरणांतील ओझोनचा नाश करील, हें मोलिना व रोलंड या शास्त्रज्ञांनीं १९७४ सालीं दाखविलें, आणि १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानें त्यास आळा बसला. त्याच्या जागीं आलेला आर-१३४ए ओझोनास अपाय करीत नाहीं. परंतु शंभर वर्षांच्या हिशेबानें पृथ्वी तापविण्याची त्याची शक्ति कार्बन डायऑक्साइडच्या सुमारें १४३० पट धरतात. म्हणून २०१६ च्या किगाली येथील ठरावानें असे पदार्थहि क्रमानें कमी करण्याचें ठरलें, व भारतानें त्यास २०२१ सालीं मान्यता दिली. आमच्या गाडींतून एका वर्षांत गेलेले २४० ग्रॅम म्हणजे सुमारें ३४३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेंत सोडल्यासारखें झालें. हा हिशेब पुतण्यानें परत येतांना करून दाखविला, तेव्हां आम्हांस बोलावयास शब्द सुचेना.

त्या रात्रीं पानावर बसलों असतां आम्हीं सर्व हकीकत सांगितली, आणि मुलावर दोष ठेवण्यांत आमची चूक झाली असें सर्वांदेखत म्हटलें. तो लाजून, “असूं द्या, काका,” एवढेंच म्हणाला. दादा कांहीं बोलले नाहींत. जेवण झाल्यावर त्यांनीं वही मागविली, मागील चैत्राचें पान काढलें, ‘गॅस संपला’ हे शब्द खोडून त्यांवर ‘गळला’ असें लिहिलें, आणि दोन हजार दोनशें रुपये मुलाच्या नांवें जमा केले. परवां अक्षय्यतृतीयेस वहिनी त्याच्याबरोबर कोल्हापुरास जाऊन आल्या. घाटांत कांचा लावलेल्या होत्या, आणि पोंचल्यावर त्यांनीं स्वतःच्या हातानें चहा टाकला, असें त्यांनीं आम्हांस आवर्जून सांगितलें.